हरदत्ताची पाळी

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा कलह आहे. श्रेष्ठ कोण, हा वाद राजा अग्निमित्रापुढे येतो. परिव्राजिका कौशिकी परीक्षक होते. नाट्यशास्त्र प्रयोगप्रधान, म्हणून आचार्यांनी शिष्यांकरवी आपली विद्या दाखवावी, असे ठरते. गणदास वयाने वडील, म्हणून पहिला मान त्याचा. दुसऱ्या अंकात त्याची शिष्या मालविका छलिक सादर करते आणि सभा मोहून जाते. मग हरदत्त विनंती करतो, आता माझा प्रयोग पाहावा. तेवढ्यात वैतालिक मध्यान्हीची वेळ सांगतो, विदूषकाला जेवण आठवते आणि राजा त्याचा प्रयोग दुसऱ्या दिवसावर ढकलतो. तो दुसरा दिवस रंगमंचावर येतच नाही.

हा प्रवेश प्रेमकथेतली एक गंमत म्हणून वाचला जातो, आणि ते बरोबरच आहे. राजाला मालविका दिसावी म्हणून विदूषकानेच हा सगळा बनाव रचलेला असतो. पण आजच्या 'विविध नृत्यशैलींची संध्या' या प्रकाराचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे सापडलेले नाही. दोन परंपरा एकाच मंचावर आल्या म्हणजे त्यांना समान न्याय मिळाला, असे होत नाही. प्रेक्षकाला काय पाहायचे आहे हे आधीच ठरलेले असते, आणि घड्याळ विदूषकाच्या बाजूने असते.

या संध्यांचा साचा आता सर्वांच्या परिचयाचा आहे. कथक, भरतनाट्यम, मणिपुरी, कथकली, जोडीला लावणी. प्रत्येकाला बारा-पंधरा मिनिटे. शेवटी सगळ्यांनी मिळून ध्वनिमुद्रित तराण्यावर एकत्र नाचायचे. कथकची चक्करे समेवर थांबली की टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या टाळीत गैर काही नाही. सम ही प्रेक्षकाने कलावंताबरोबर गाठायची जागाच आहे. गैर हे, की त्यानंतरच्या प्रत्येक शैलीकडे आपण त्याच टाळीच्या मापाने पाहू लागतो.

यात सर्वांत जास्त हरते ती मणिपुरी. रासनृत्यातल्या स्त्रिया घुंगरू बांधत नाहीत, पाऊल आपटत नाहीत. चेहऱ्यावर झिरझिरीत वस्त्र असते, मुद्रा संयत असते आणि सारी गती वळणावळणांनी वाहत राहते. इंफाळच्या मंदिरमंडपात रास रात्रभर चालतो. त्याचा परिणाम साठत जाण्यावर उभा आहे. कथकपाठोपाठ बारा मिनिटांत तो पाहणाऱ्याला वाटते, इथे काहीच घडले नाही. आयोजकांना हे ठाऊक असते. म्हणून ते रासाऐवजी पुंगचोलम मागवतात. पुंग वाजवत उड्या आणि गिरक्या घेणारे पुरुष पाहून सभागृह दणाणते. पुंगचोलम थोर कलाच आहे. पण मणिपुरीतून तेवढेच निवडायचे, हा निर्णय कथकच्या टाळीने घेतलेला असतो.

कथकलीचे दुखणे वेगळे. तिचा अभिनय मोठ्या समईच्या उजेडात, जवळून पाहायचा. डोळे लाल दिसावेत म्हणून नट पापणीत विशिष्ट झाडाची कळी ठेवतो. प्रखर दिव्यांच्या झोतात, विसाव्या रांगेतून, ते डोळे कोणाला दिसणार? दिसतो तो हिरवा चेहरा आणि घेरदार पोशाख. म्हणजे नृत्य बाजूला राहते आणि प्रेक्षक वेष पाहून घरी जातो.

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याला भिडलेली एक व्यक्ती आपल्याच भागात काम करून गेली. मादाम मेनका म्हणजे लीला सोखी मूळच्या बंगालच्या. पती साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक. कथकबरोबर मेनका कथकली आणि मणिपुरीही शिकल्या. १९३६ ते १९३८ या काळात त्यांचे पथक युरोपभर फिरले. जुलै १९३६ मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्या पथकाचा गौरव झाला. आपल्याकडे तो अभिमानाने सांगितला जातो. त्याच महोत्सवाचे आमंत्रण अमेरिकेच्या मार्था ग्रॅहम यांनी नाझी राजवटीचा निषेध म्हणून नाकारले होते, हेही त्याच दमात सांगायला हवे. अनेक देशांचे नाच एका मंचावर आणणारा यजमान नेहमी निरागस नसतो. तो हरदत्ताला जेवणाची वेळ दाखवणारा राजाही असू शकतो.

परतल्यावर १९३८ मध्ये मेनकांनी खंडाळ्याला 'नृत्यालयम्' सुरू केले. तिथे कथक, कथकली, मणिपुरी त्या त्या परंपरेचे गुरू शिकवत. पुढच्याच वर्षी त्यांनी नृत्यनाट्यासाठी निवडले ते 'मालविकाग्निमित्र'. यात योगायोग किती आणि जाणीव किती, ते बाजूला ठेवू. मेनकांच्या मार्गाचे बळ स्पष्ट आहे: शैली शेजारी मांडण्याऐवजी त्यांना एका कथेत काम देणे, आणि मंचावर येण्याआधी सर्वांनी एका छपराखाली शिकणे. या मार्गातला धोकाही मोठा आहे. कथा शैलींना भूमिका वाटू लागते. उग्र काही हवे तर कथकली, कोमल हवे तर मणिपुरी. एका प्रदेशाची अख्खी परंपरा अशी एका भावापुरती उरते. आजच्या शेकडो नृत्यनाटिकांत हीच वाटणी मुकाट्याने चालू आहे.

नृत्यालयम् महायुद्धाच्या काळात बंद पडले. १९४७ मध्ये मेनका गेल्या. त्यांच्या पथकातून लहान वयात युरोप पाहून आलेल्या दमयंती जोशी पुढे ओळखल्या गेल्या त्या एकल कथकसाठी. एकटीने, एकाच शैलीत, संपूर्ण मैफल. मिश्र पथकात वाढलेल्या कलावतीने अखेर हे निवडले, यात मला त्या काळाचे उत्तर दिसते.

म्हणून मिश्र संध्या बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. माझ्यासारख्या कोणत्याही गुरूकडे न शिकलेल्या माणसाला मणिपुरीचे पहिले दर्शन अशाच एका संध्येत झाले, आणि ते अपुरे होते म्हणूनच मी पुढे शोधत गेलो. पण पाचांऐवजी दोनच शैली घ्याव्यात, प्रत्येकीला तासभर द्यावा. कथकलीसाठी झोत विझवून समई लावावी आणि प्रेक्षकांना पुढे बोलवावे. एकत्र नाचाचा समारोप वगळावा. आणि सुरुवात रासाने करावी, कानात घुंगरू भरण्याआधी.