डोळ्यातले धुके आणि दृष्टिक्षेत्राचा नकाशा

नाशिकला हिवाळ्यात पहाटे गोदाकाठी धुके उतरते, तेव्हा समोरून येणाऱ्या मोटारीचा दिवा पांढुरका गोळा होऊन दिसतो. असेच थोडे धुके प्रत्येकाच्या डोळ्यात असते आणि मोतीबिंदूत ते दाट होते. शालेय आकृतीत मात्र सारे किरण दृष्टिपटलावर एका बिंदूत मिळतात. ही आकृती भिंग शिकवायला पुरेशी आहे; काचबिंदूच्या तपासणीचा कागद वाचायला ती अपुरी पडते, असे आम्हांला वाटते.

या तपासणीत रुग्ण अर्धगोल कटोऱ्यात मधोमध नजर रोखतो. मंद उजळलेल्या पार्श्वभूमीवर प्रकाशाचे ठिपके क्षणभर चमकतात. ठिपका दिसला की बटण दाबायचे. १९४५ साली हान्स गोल्डमन यांनी असा ३० सेंटिमीटर त्रिज्येचा कटोरा रूढ केला. त्यातील पार्श्वभूमीची तेजस्विता, ३१.५ अपोस्टिल्ब, आजच्या अनेक संगणकीय यंत्रांतही कायम आहे. जेथे मंद ठिपका दिसत नाही, तेथे नकाशा काळवंडतो.

पण तो कशाने काळवंडला? भिंगाने प्रकाश नुसता शोषला, तर ठिपका आणि पार्श्वभूमी सारख्याच प्रमाणात मंद होतात. त्यांतील फरक जवळजवळ टिकतो. प्रकाश विखुरला, तर ठिपक्याचे तेज आजूबाजूला पसरते. पार्श्वभूमी मात्र सगळीकडे सारखी असल्याने एका जागी गमावलेला प्रकाश तिला शेजारून परत मिळतो. फरक घटतो आणि चेतातंतू शाबूत असूनही सगळा नकाशा खालावतो. यंत्र ही सरसकट घट वजा करून दुसरा नकाशा देते. हा उपाय चांगला, पण अपुरा आहे; कारण काचबिंदूची हानीही कधी सर्वदूर असते आणि तीही वजा होऊ शकते.

विकिरणाची दुसरी खोडी नेमकी उलटी आहे. मृत भागावर फार प्रखर ठिपका टाकला, तर त्याचा विखुरलेला प्रकाश शेजारच्या निरोगी भागावर पडतो आणि रुग्ण बटण दाबतो. हानी आहे त्यापेक्षा उथळ दिसते. फांकहाउझर आणि हेबर्लिन यांनी १९८० सालीच या दोषाचा अंदाज मांडला होता. नजर स्थिर आहे का, हे पाहण्यासाठी काही यंत्रे अंधबिंदूवर ठिपका टाकतात. तेथेही हा विखुरलेला प्रकाश दिसला, तर ‘नजर हलली’ असा ठपका रुग्णावर येऊ शकतो.

म्हणून चाचणी टाकाऊ ठरत नाही. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, तेव्हा तपासणी हवीच. आमचा आक्षेप आहे तो भिंगाची स्थिती न पाहता नुसता कागद वाचण्यावर.

वर्गात एवढे करून पाहावे. पेन्सिलीने फिकट लिहिलेला मजकूर आधी गॉगलमधून वाचावा, मग फुंकर मारून धूसर केलेल्या चष्म्यातून. गॉगल अधिक प्रकाश अडवतो, तरी त्यातून अक्षरे लागतात. असे का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.