वारी तीच, फोटोही तोच?

आषाढ लागला की मोबाइलवर वारी सुरू होते. दिवे घाटात वळणं घेत चढणारी माणसांची रांग, अर्थातच ड्रोनवरून. रिंगणात दौडणारा माउलींचा अश्व. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली सुरकुतल्या चेहऱ्याची आजी. फोटो सफाईदार असतात, पण खालचं नाव झाकलं तर कुठला कोणाचा, हे ओळखता येत नाही.

विषय जुना झाला, असं यावर सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. उद्धव ठाकरे यांनी ‘पहावा विठ्ठल’मध्ये वारी आकाशातून टिपली, तिथे एकेकटा वारकरी दिसेनासा होतो आणि समूह हाच विषय होतो. संदेश भंडारे यांच्या ‘वारी : एक आनंदयात्रा’त कॅमेरा माणसांच्या उंचीवर आहे. दोघांची वारी एकच, पाहणं वेगळं. आजच्या ड्रोनवाल्यांनी उंची तेवढी उचलली.

भंडाऱ्यांचंच ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ पाहा. तमाशाचा फोटो म्हटलं की गिरकी घेणारी नर्तकी आणि तिच्यावरचा झोत, हे ठरलेलं. भंडारे फडाबरोबर राहिले, रंगमंचामागे गेले, आणि लोककलेच्या फोटोंतून कष्टकऱ्यांच्या जगण्याची नोंद उभी राहिली. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर काम केलं तेही असंच. वृत्तछायाचित्रकार एका बातमीपुरता जातो. ओलवे वर्षानुवर्षं जात राहिले, गटारापासून घरापर्यंत. त्या कृष्णधवल चित्रांत घाण लपवलेली नाही, पण नजर माणसावरून हलत नाही. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. सफाईचं काम मात्र फारसं बदललेलं नाही.

गौतम राजाध्यक्ष दुसऱ्या टोकाला. मऊ प्रकाश, तारे-तारका, ‘चेहरे’. झगमगाट म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्या गंभीर मंडळींनी एवढं तरी पाहावं, की समोरचा माणूस त्यांच्यापुढे किती निर्धास्त बसलेला असतो. सामाजिक विषयांवर काम करणाऱ्या अनेकांना हेच जमत नाही.

केतकी शेठ यांचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. मुंबईचे रस्ते, जुळी भावंडं, सिद्दी समाज असं सगळं कृष्णधवलमध्ये करून त्या ‘फोटो स्टुडिओ’साठी (2018) रंगांकडे वळल्या. तिथे त्यांनी गाठले ते जुने, मोडकळीला आलेले स्टुडिओ आणि त्यांचे रंगवलेले पडदे. आपल्याच कलेचं मागचं दालन त्यांना विषय म्हणून सापडलं, आणि विषयाने शैली बदलायला लावली. प्रेरणा म्हणतात ती बहुधा अशीच येते. वर्कशॉपची फी भरून नव्हे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 मध्ये, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सदस्यांत होते. इतकी जुनी ओळख असूनही मराठीत फोटोवर लिहायचं झालं की ‘नेमका क्षण टिपला’च्या पुढे गाडी जात नाही. कवितासंग्रहाचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं. फोटोंच्या पुस्तकाचा परिचय येतो, तोही प्रकाशन समारंभाच्या बातमीत. कोणी परखड बोललंच नाही, तर तरुण छायाचित्रकार लाइक मोजणार आणि पुन्हा दिवे घाटातच उभा राहणार.

दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा एकाच छायाचित्रकाराला सलग आठ पानं द्यावीत, आणि त्याच अंकात त्या कामाची चिरफाड करणारा लेखही छापावा.