ग्रेनचे ग्रॅम करताना: रॅप्सनच्या कॅटलॉगमधला वजनाचा रकाना कसा वाचायचा?



पेट पास झालात, विषय शोधताय आणि त्यात जुनी आकडेवारी वापरायची आहे? मग आजची पोस्ट तुमच्यासाठी आहे. आज एका जुन्या पुस्तकाकडे बघू, पण खरं परीक्षण आपण ते पुस्तक कसं वापरतो याचं आहे.

पुस्तक आहे ई. जे. रॅप्सन यांचा सातवाहन आणि पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांचा कॅटलॉग. ब्रिटिश म्युझियमने तो १९०८ साली काढला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०६ मध्ये, नाशिकजवळ जोगळटेंभीला १३,००० च्या वर चांदीची नाणी सापडली होती. सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. नहपानाच्या या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीसोबत ग्रीक अक्षरंही आहेत.

रॅप्सनची जमेची बाजू म्हणजे वजनं एकेका नाण्याची आणि ग्रेनमध्ये दिली आहेत. त्यामुळे मूळ मोजमाप आपल्यापर्यंत जसंच्या तसं येतं. गडबड आपण करतो, आणि ती तीन ठिकाणी होते.

पहिली, दशांशांची. १ ग्रेन म्हणजे ०.०६४७९८९१ ग्रॅम. समजा नाणं ३३ ग्रेनचं आहे. कॅल्क्युलेटर सांगतो २.१३८३६ ग्रॅम. पण मोजणी जवळच्या पूर्ण ग्रेनपर्यंतच असेल, तर खरं वजन २.११ ते २.१७ च्या मधे कुठेही असू शकतं. म्हणजे पुढचे तीन आकडे नाण्यातून आलेले नाहीत, गुणाकारातून आलेत. २.१४ लिहा, शेजारी मूळ ३३ ग्रेनही ठेवा.

दुसरी, नावाची. ‘ड्राक्मा’ शब्द दिसला की लोक ४.३ ग्रॅम धरून मोकळे होतात. तो अथेन्सचा ड्राक्मा. भारतातल्या ग्रीक राजांनी नंतर जो चालवला तो साधारण २.४५ ग्रॅमचा, आणि नहपानाचं नाणं त्याहून थोडं हलकं. इथे अथेन्सचा आकडा वापरला तर उत्तर जवळपास दुप्पट येतं! यात नवल काही नाही. आमच्या मंठ्यात सराफाकडे आज तोळा म्हणजे १० ग्रॅम, पण जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. शब्द तोच राहतो, वजन बदलतं. जुनी पावती वाचताना साल बघावंच लागतं, तसंच नाण्याचं.

तिसरी, सरासरीची. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. झिजून जड होत नाही. म्हणून सरासरी टांकसाळीच्या ठरलेल्या वजनापेक्षा कमीच येते. जमिनीत राहिल्यावर क्षार चढून वजन वाढू शकतं आणि साफसफाईत कमी होऊ शकतं, हे वेगळंच. शिवाय म्युझियम साहजिकच चांगली नाणी निवडून ठेवतं, तो काही रँडम सँपल नाही. म्हणून सगळ्या वजनांचा आलेख काढा आणि गर्दी कुठे आहे ते बघा. एकटी सरासरी फसवते.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ग्रॅमने काय बिघडतं? बघा. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या १० व्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात ७०,००० कार्षापणांचं दान आहे, ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या भावाने २,००० सुवर्ण. हिशोब चोख जुळतो. यावरून त्या काळातला सोन्या-चांदीचा भाव काढायचा मोह होतो. सुवर्ण म्हणजे कुषाणांचं साधारण ८ ग्रॅमचं सोन्याचं नाणं धरू. कार्षापण म्हणजे नहपानाचं २.२ ग्रॅमचं नाणं धरलं, तर ३५ × २.२ = ७७ ग्रॅम चांदी, म्हणजे भाव १ ला ९.६. पण कार्षापण म्हणजे जुनं ३.४ ग्रॅमचं आहत नाणं धरलं, तर ११९ ग्रॅम आणि भाव १ ला १४.९. लेख तोच, गुणाकारही बरोबर, आणि तरी दोन वेगळ्या अर्थव्यवस्था! कुणी फक्त शेवटचा आकडा छापला तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की तो लेखातून आला की लेखकाच्या गृहीतकातून.

माझं मत सरळ आहे. शंभरहून अधिक वर्षं जुना रॅप्सन आजही विश्वासाने वापरता येतो, कारण त्याने मोजलेलं वजन मोजलेल्या रूपात ठेवलं. त्यावर बेतलेले ‘ग्रॅम’चे तक्ते तेवढे विश्वासाचे नाहीत, जर त्यात मूळ एकक, कोणता ड्राक्मा आणि किती अनिश्चितता हे लिहिलेलं नसेल.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा तक्ता येणार असेल तर चार रकाने करा: मूळ आकडा, मूळ एकक, ग्रॅम, आणि ± किती. वर एका ओळीत गृहीतक लिहा. व्हायव्हामध्ये परीक्षक बोट ठेवतील ते बहुतेक याच ओळीवर, तेव्हा ती आजच लिहून टाका.