अनुभवामृतातील आरसा आणि निरोगी पारपटलाचे पेशीचित्रण : एक चिकित्सा

प्रस्तावना
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठचे नेवासे हे ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान होय. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी येथे गीतेवरील भाष्य पूर्ण केले. अनुभवामृताची रचनाही परंपरेने याच स्थळाशी जोडली जाते. या ग्रंथातील द्रष्टा-दृश्य विचाराची आधुनिक विज्ञानाशी तुलना करताना ‘संतांनी हे आधीच सांगून ठेवले होते’ असा निष्कर्ष काढण्याची प्रवृत्ती आढळते. ती कितपत ग्राह्य आहे, हे निरोगी पारपटलाच्या, म्हणजेच कॉर्नियाच्या, पेशीचित्रणाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरशाचा दृष्टान्त
अनुभवामृताच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचे स्वतंत्र अस्तित्व खंडित केले आहे. त्या ओघात मुख आणि आरसा यांचा दृष्टान्त येतो. आरसा समोर असो वा नसो, मुख मुळातच असते. आरसा त्यात कशाचीही भर घालत नाही. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतील भेद त्यामुळे केवळ वरवरचा ठरतो.

पारदर्शकाचे चित्र
पारपटल हा डोळ्याच्या पुढील बाजूचा, मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा, रक्तवाहिन्या नसलेला पडदा. निरोगी असेपर्यंत तो सहसा नजरेत भरत नाही. बोलीनेही हेच नोंदवले आहे. पारपटल पांढुरले की ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. निरोगी पारपटलासाठी मात्र बोलीत वेगळा शब्द नाही. ‘बुबुळ’ हाच शब्द त्यालाही लावला जातो. वस्तुतः बुबुळ हा त्यामागील रंगीत पडदा होय.

जे पारदर्शक आहे त्याचे चित्र कसे घ्यावे? येथे आरसाच उपयोगी पडतो. पारपटलाचा सर्वांत आतील स्तर पेशींच्या एकाच थराचा असतो. हा स्तर आणि त्यामागील नेत्रजल यांच्या सीमेवरून प्रकाशाचा अत्यल्प अंश आरशाप्रमाणे परावर्तित होतो. १९२० च्या सुमारास अल्फ्रेड फोग्ट यांनी या परावर्तनाच्या साहाय्याने जिवंत डोळ्यातील पेशी पाहिल्या. १९६८ मध्ये डेव्हिड मॉरिस यांनी त्यासाठी खास सूक्ष्मदर्शक सिद्ध केला आणि १९७५ मध्ये लेंग व सहकाऱ्यांनी जिवंत मानवी डोळ्यातील या पेशींची छायाचित्रे प्रसिद्ध केली. मधाच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी पेशींची ही जाळी असते. निरोगी प्रौढ डोळ्यात दर चौरस मिलिमीटरला साधारणतः २५०० ते ३००० पेशी आढळतात. पारपटलात शिरणारे पाणी बाहेर टाकून त्या त्याची पारदर्शकता राखतात. नष्ट झालेल्या पेशींची जागा मानवी शरीरात नव्या पेशी सहसा घेत नाहीत. उरलेल्या पेशीच पसरून ती भरून काढतात.

दृष्टान्ताची मर्यादा
दोन्हीकडे आरसा आहे; परंतु त्याचे कार्य विरुद्ध आहे. अनुभवामृतातील मुखाला स्वतःच्या अस्तित्वासाठी पुराव्याची गरज नाही. पेशींचे तसे नाही. डोळ्याला स्वतःच्या पेशींचा कोणताही अनुभव नसतो. दृष्टी उत्तम असतानाही पेशी घटलेल्या असू शकतात, आणि ते केवळ चित्रातूनच कळते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील जोखीम ठरवताना किंवा दान मिळालेले पारपटल रोपणास योग्य आहे काय, हे पाहताना ही मोजणी निर्णायक ठरू शकते. म्हणजे हा आरसा ज्ञानात भर घालतो. त्याच्या अभावी असलेले अज्ञान खरे असते, आणि रुग्णाला ते महागात पडू शकते.

निष्कर्ष
ज्ञानदेवांचा विषय स्वयंसिद्ध जाणीव हा आहे. पेशीचित्रणाचा विषय नेमका स्वयंसिद्ध नसलेला आहे. दोहोंना एकच ठरवल्यास ग्रंथाचा युक्तिवाद सैल होतो आणि संशोधकांचे श्रमही झाकोळतात. साम्य जेथे तुटते तेथपर्यंत जाणारी तुलनाच समीक्षेला उपकारक ठरते. अशा तुलनेनंतर अनुभवामृत वाचताना ज्ञानदेवांनी दृष्टान्तासाठी मुखच का निवडले, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. आणि ग्रंथाचा गौरव अशा प्रश्नांतूनच अधिक होतो.