शारीरिक दौर्बल्यवाचक इंग्रजी शब्दांच्या अर्थच्छटा आणि मराठी प्रतिशब्द : एक चिकित्सा

प्रस्तावना :

मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या कोशापासून इंग्रजी-मराठी कोशरचनेस दीर्घ परंपरा लाभली आहे. असे असूनही वीक, फीबल, फ्रेल, इन्फर्म, डेलिकेट, डिक्रेपिट आणि प्यूनी या सातही शब्दांपुढे 'अशक्त' किंवा 'दुर्बल' एवढाच अर्थ लिहिण्याची रीत महाविद्यालयीन वर्गात रूढ आहे. भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावांतून मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याचे शब्दज्ञान अपुरे आहे, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन निराळे आहे. उणीव विद्यार्थ्याच्या भाषेत नसून प्रतिशब्द निवडण्याच्या पद्धतीत आहे.

व्युत्पत्ती आणि अर्थच्छटा :

अशक्त, निर्बल, दुर्बल हे शब्द शक्ती किंवा बल या शब्दांना उपसर्ग लागून सिद्ध झाले आहेत. शक्ती नाही किंवा कमी आहे, एवढेच ते सांगतात. उपरोक्त इंग्रजी शब्दांच्या मुळाशी मात्र निरनिराळी चित्रे आहेत. वीक या शब्दाच्या मुळाशी लवणे, वाकणे हा अर्थ आहे. फीबल हा शब्द 'ज्याच्यासाठी रडावे असा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. फ्रेल आणि फ्रॅजाइल हे एकाच 'भंगुर' अर्थाच्या मूळ शब्दाचे दोन वंशज होत. इन्फर्म म्हणजे जे स्थिर, दृढ नाही ते. डिक्रेपिटच्या मुळाशी करकरणे, खडखडणे हा ध्वनी आहे. प्यूनीचा मूळ अर्थ तर 'मागाहून जन्मलेला' असा आहे. उच्च न्यायालयातील मुख्य न्यायाधीशांव्यतिरिक्त इतर न्यायाधीशांना पूर्वी लावले जाणारे प्यूनी हे विशेषण याच मुळाचे. शेंडेफळ धाकटे म्हणून लहान, आणि लहान म्हणून किरकोळ, असा हा अर्थप्रवास आहे.

आजच्या वापरातही हे भेद टिकून आहेत. वीक हा सर्वांत व्यापक व तटस्थ शब्द होय. फीबलमध्ये कीव आहे आणि क्वचित तुच्छताही आहे. फ्रेल म्हटले की हलक्या अंगाची, जपून हात धरावा अशी वृद्ध व्यक्ती डोळ्यांपुढे येते. डेलिकेटमध्ये वारंवार बिघडणारी प्रकृती सूचित होते, तर इन्फर्ममध्ये वय अथवा व्याधीमुळे आलेली दीर्घकाळची असमर्थता. डिक्रेपिट हा शब्द माणसास लावणे बहुधा असभ्य ठरते. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधील फ्रेल्टी तर शरीराची नसून मनाची आहे. आगरकरांनी 'विकारविलसित' (१८८३) या नावाने या नाटकाचे मराठी रूप सिद्ध केले. अशा स्थळी अनुवादकास शरीरवाचक शब्द पुरत नाही.

मराठीचे सामर्थ्य :

या छटा मराठीत नाहीत काय? आहेत, परंतु त्या एकेकट्या विशेषणापेक्षा क्रियापदांत आणि वाक्प्रचारांत अधिक आढळतात. दीर्घ आजाराने माणूस खंगतो, कष्टाने झिजतो, आघाताने खचतो, तापानंतर गळून जातो. डेलिकेट प्रकृतीस 'तोळामासा प्रकृती' याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे. फ्रेल वृद्धास आपण 'पिकले पान' म्हणतो. फीबल प्रयत्न म्हणजे 'केविलवाणा प्रयत्न'. येथे मूळ लॅटिन शब्दातील करुणाही जशीच्या तशी उतरते. वीक दृष्टी 'अधू' होते, वीक चहा 'पाणचट' होतो आणि वीक सबब 'लंगडी' ठरते. यांपैकी एकाही ठिकाणी 'अशक्त' हा शब्द चालत नाही. शिवाय मराठीने कृशता आणि दौर्बल्य यांत भेद केला आहे. 'पाप्याचे पितर' आणि 'काटक' हे दोघेही अंगाने बारीकच. परंतु दुसऱ्याच्या अंगी बळ आहे.

व्यवहारातील परिणाम :

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. वैद्यकात वीकनेस म्हणजे स्नायूंची ताकद प्रत्यक्ष घटणे. थकवा ही निराळी तक्रार आहे. बोलीत मात्र दोन्हींस 'विकनेस' म्हटले जाते. वास्तविक 'अंग गळून गेले' आणि 'हात लुळा पडला' हा भेद घरातील निरक्षर आजीही अचूक करते. एका बाजूचा हात एकाएकी लुळा पडणे हे पक्षाघाताचे लक्षण असू शकते आणि त्यात वेळेस फार महत्त्व असते. अशा वेळी 'विकनेस आहे' एवढेच सांगितले गेले, तर शब्दाची संदिग्धता रुग्णास महागात पडू शकते. फ्रेल्टी ही संज्ञाही वार्धक्यवैद्यकात आता निश्चित झाली आहे. फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिचे पाच निकष मांडले : नकळत वजन घटणे, थकवा, हाताची पकड क्षीण होणे, चाल मंदावणे व हालचाल कमी होणे. यांपैकी तीन वा अधिक आढळल्यास ती व्यक्ती फ्रेल मानली जाते. म्हणजे येथे वीकनेस हा फ्रेल्टीचा केवळ एक घटक आहे. दोहोंस 'अशक्तपणा' म्हटल्यास व्याख्याच कोलमडते.

कायद्याचेही तसेच आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४३७ मध्ये जामिनासंबंधी सिक अथवा इन्फर्म अशा व्यक्तीचा स्वतंत्र उल्लेख होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४८० मध्येही तो आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ 'आजारी' असा घेतल्यास, कोणताही विशिष्ट आजार नसलेल्या परंतु वार्धक्याने असमर्थ झालेल्या व्यक्तीचा आधारच नाहीसा होतो.

समारोप :

समानार्थी शब्दांच्या सीमा इंग्रजीतही काटेकोर नाहीत आणि वाक्प्रचार सर्वच संदर्भांत बसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तथापि प्रतिशब्द देण्यापूर्वी चार प्रश्न विचारता येतात : दौर्बल्याचे कारण कोणते? ते तात्पुरते की कायमचे? सर्व शरीराचे की एखाद्या अवयवाचे? आणि पाहणाऱ्याच्या मनात कीव आहे, आदर आहे की तुच्छता? या प्रश्नांची उत्तरे देणारे शब्द ग्रामीण विद्यार्थी घरूनच घेऊन येतो. वर्गात त्यांना 'अशुद्ध' ठरवून त्याजागी 'दुर्बल' हा एकच शब्द पाठ करून घेतला जातो, तेव्हा त्याचे इंग्रजी सुधारत नाही आणि मराठीही उणी होते. म्हणून शब्दार्थ शिकविताना सुटा प्रतिशब्द न देता प्रत्येक इंग्रजी शब्दासोबत बोलीतील एक पूर्ण वाक्य द्यावे, हे अधिक श्रेयस्कर ठरेल.