संगणकीय चाचण्यांतील प्रश्नप्रकार आणि मराठीची रूपव्यवस्था

परीक्षेतील प्रश्नाकडे भाषिक रचना म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. प्रश्न हा विषयाच्या ज्ञानाचा असतो, भाषा ही केवळ त्याची वाहक असते, असे गृहीत धरून शिक्षणशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांतून प्रश्नप्रकारांची चर्चा होते. बहुपर्यायी प्रश्न, चूक की बरोबर, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका शब्दात उत्तर लिहा, शब्द योग्य क्रमाने लावा, ही नामावळी विद्यार्थ्यांना पाठ असते. याच नामावळीतील प्रकार आता संगणकीय चाचण्यांच्या साच्यांत जाऊन बसले आहेत. शिक्षकाने साचा निवडावयाचा, मजकूर भरावयाचा, उत्तर नोंदवावयाचे, आणि गुणदान यंत्राने करावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. साचा कोणत्या भाषेच्या घडणीवर बेतलेला आहे आणि मराठी मजकूर त्यात घातल्यावर काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

तो विचारण्यास मुंबईच्या उपनगरातील दिंडोशीसारखे ठिकाण सोयीचे आहे. गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वसलेल्या या भागात कोकणातून आणि घाटावरून आलेली मराठी कुटुंबे आहेत, उत्तर भारतातून आलेली हिंदीभाषक कुटुंबे आहेत आणि जवळच आरेच्या परिसरात वारल्यांचे पाडे आहेत. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांतून शाळा चालविते. २०१५ साली तिने आठवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती टॅब दिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा चाचणी पालकाच्या भ्रमणध्वनीवर गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ ही योजना सुरू केली आणि व्हॉट्सॲपवरून बहुपर्यायी प्रश्न मुलांपर्यंत जाऊ लागले. शाळा पुन्हा उघडल्या, तरी साचे राहिले. तेव्हा दिंडोशीतील मराठी माध्यमाचे एखादे मूल या साच्यांपुढे बसते त्या वेळी नेमके कशाचे मोजमाप होते, हे तपासणे अगत्याचे आहे.

बंदिस्त उत्तराच्या प्रश्नांना सरसकट दूषण देणे योग्य होणार नाही. १९१५ च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस येथे फ्रेडरिक केली याने मूकवाचनाची चाचणी रचली, ती परीक्षकापरत्वे बदलणाऱ्या गुणदानाला उपाय म्हणून. भारतात मुदलियार आयोगाने १९५२–५३ मध्ये निबंधवजा परीक्षेतील व्यक्तिनिष्ठता कमी करण्यासाठी वस्तुनिष्ठ कसोट्यांची शिफारस केली. पुढे १९५७–५८ मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी येथे कार्यशाळा घेतल्या आणि १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला. हस्ताक्षर वाईट म्हणून गुण गमावणाऱ्या मुलाला या सुधारणेने न्याय दिला, हे मान्यच केले पाहिजे. पर्यायाला केवळ स्पर्श करावयाचा असल्याने देवनागरी कळफलकाची अडचणही टळते. केवळ अंदाजाने बरोबर येण्याचा दोषही कमी करता येतो. २०१७ पासून आठवीसाठी झालेल्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक ठेवले गेले आणि दोन्ही नोंदविल्याशिवाय गुण नाही असा नियम झाला. दोन पर्याय निवडावयाचे हे ठाऊक असले तरी अंदाजाची शक्यता अशा प्रश्नात चारांत एकवरून सहांत एकवर येते.

परंतु मराठीत पर्याय देणे हे इंग्रजीत पर्याय देण्याइतके निरुपद्रवी नाही. ‘पृथ्वीभोवती फिरणारा ____ हा तिचा नैसर्गिक उपग्रह आहे’ असे वाक्य देऊन चंद्र, उल्का, तारका आणि आकाशगंगा असे पर्याय ठेवले, तर ‘फिरणारा’ आणि ‘हा’ ही दोन पदे उत्तर आधीच सांगून टाकतात. चौघांत पुल्लिंगी नाम एकच आहे. खगोलाचे काहीही ज्ञान नसलेले मूल लिंगाच्या जाणिवेवर गुण मिळविते. तोच प्रश्न ‘पृथ्वीचा नैसर्गिक उपग्रह कोणता?’ असा विचारला की गळती थांबते, कारण ‘कोणता’ हे पद ‘उपग्रह’ या नामाशी जुळते, उत्तराशी नव्हे. इंग्रजीतील विशेषण लिंग दाखवीत नाही, म्हणून तिकडच्या साच्यात ही काळजी सांगितलेली नसते.

जोड्यांच्या प्रश्नात हा दोष अधिक ठळक होतो. डाव्या स्तंभात ‘मोराचा’, ‘घोड्याचे’, ‘वाघाची’ आणि उजवीकडे ‘डरकाळी’, ‘केकारव’, ‘खिंकाळणे’ ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तीन प्राणी, तीन लिंगे आणि तीन उत्तरे: ही जोडी प्राण्यांचे आवाज न ऐकताही लागते. ‘मोर’, ‘घोडा’, ‘वाघ’ एवढेच लिहिले असते तर प्रश्न शाबूत राहिला असता. येथे अन्यायाचेही एक अंग आहे. ज्याच्या घरी मराठी बोलली जाते त्याला ही फुकटची मदत नकळत मिळते. ज्याच्या घरी हिंदी आहे, आणि म्हणून नपुंसकलिंगाची सवय नाही, त्याला ती त्याच प्रमाणात मिळत नाही. दिंडोशीच्या एकाच वर्गात ही दोन्ही मुले शेजारी बसतात, आणि परिसर अभ्यासाचे म्हणून नोंदलेले त्यांच्या गुणांतील अंतर अंशतः व्याकरणाचे असते.

चूक की बरोबर या प्रकारात वाक्य नकारार्थी नसावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. मराठीत त्याला निराळे कारण आहे. ‘वटवाघूळ हा पक्षी नाही ना?’ या प्रश्नाला मराठी भाषक सहमती दाखवून ‘हो’ म्हणेल. इंग्रजीत हीच सहमती नकाराने व्यक्त होते. साच्यातील दोन कळांवर ‘होय’ आणि ‘नाही’ असे शब्द असतील, तर नकारार्थी प्रश्नावर कोणती कळ म्हणजे कोणते विधान, हे प्रश्नकर्त्यालाही धड सांगता येणार नाही. ‘वरीलपैकी सर्व’ या पर्यायाविषयी लिहिण्याचीही गरज पडू नये. यंत्र पर्यायांचा क्रम आपोआप बदलते आणि हा पर्याय पहिल्या जागी जाऊन बसला की ‘वरील’ असे काही उरतच नाही. तरीही तो दिसत राहतो.

खरी अडचण मुलाने उत्तर स्वतः लिहावयाचे असते तेथे सुरू होते. ‘गेटवे ऑफ इंडिया कोठे आहे?’ या प्रश्नाचे मराठीतील स्वाभाविक उत्तर ‘मुंबईत’ हे होय. ‘मुंबई’ हे उत्तर कळते, पण ते मराठी वाक्याचा अवयव होऊ शकत नाही. उत्तरसूचीत मात्र बहुधा ‘मुंबई’ एवढीच नोंद असते, कारण ज्या भाषेत साचा घडला त्या भाषेत स्थळनामाला प्रत्यय लागत नाही. गूगल फॉर्म्सच्या प्रश्नावलीत लघुत्तराला स्वीकार्य उत्तरांची सूची देऊन बाकीची सर्व उत्तरे चूक धरावीत अशी खूण करता येते. ती खूण केली की ‘मुंबईत’ असे लिहिणाऱ्या मुलाला शून्य मिळते. म्हणजे ज्याची मराठी शाबूत आहे तो नापास, आणि ज्याने शब्दकोशातील रूप उचलून ठेवले तो उत्तीर्ण.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या मूडल या प्रणालीत याला एक उपाय आहे. उत्तरापुढे तारांकन टाकले की त्यानंतर काहीही आले तरी चालते. ‘मुंबई’ला तारांकन जोडले की ‘मुंबईत’, ‘मुंबईला’, ‘मुंबईमध्ये’ ही सर्व रूपे सामावतात. ‘दिंडोशी’चेही तसेच. पण हा उपाय ईकारान्त नामापुरता भाग्यवान ठरतो. ‘पुणे’ या नामाचे ‘पुण्यात’ होते, ‘ठाणे’चे ‘ठाण्यात’. येथे मूळ शब्दाचा शेवटचा स्वरच नाहीसा होतो आणि तारांकन निरुपयोगी ठरते. ‘कोल्हापूर’चे ‘कोल्हापुरात’ होताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. सामान्यरूप ही मराठीच्या रूपव्यवस्थेतील केंद्रवर्ती घटना आहे; ती शब्दाच्या शेपटाला काही चिकटविण्याची क्रिया नसून शब्दाचे अंगच बदलण्याची क्रिया आहे. साच्याचा कर्ता तिच्याविषयी अनभिज्ञ असणे समजण्यासारखे आहे. मराठी प्रश्नसंच तयार करणाऱ्यांनी तिची दखल न घेणे मात्र समर्थनीय नाही, कारण सामान्यरूप ते स्वतःच वर्गात शिकवितात.

लेखनाच्या पातळीवर गुंतागुंत आणखी वाढते. ‘सातारा’चे ‘साताऱ्यात’ होते आणि तेथे अर्ध्या र ची आडवी खूण येते. ही खूण संगणकात दोन प्रकारे साठविता येते: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही अक्षरे एकच दिसतात, यंत्राला ती दोन भिन्न शब्द वाटतात. ‘ॲ’ हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आला. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहिला जाई आणि आजही अनेक कळफलकांवरून तसाच लिहिला जातो. या दोन लेखनांना युनिकोडने परस्परसममूल्य ठरविलेले नाही, त्यामुळे मजकुराचे प्रमाणीकरण करणारी सामान्य प्रक्रियाही त्यांतील भेद मिटवीत नाही. विज्ञानाच्या चाचणीत ‘ॲल्युमिनियम’ असे अचूक लिहूनही केवळ कळफलकामुळे चूक ठरलेल्या मुलाला आपले काय चुकले, हे कोणीही दाखवून देऊ शकत नाही. कारण पडद्यावर त्याचे उत्तर आणि ‘योग्य उत्तर’ अक्षरशः सारखे दिसतात.

शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली ठरले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्या नियमांनीही बोलीच्या लेखनात ‘केलं’, ‘मोठं’ ही रूपे मान्य केली आहेत. भूगोलाचा शिक्षक ‘मोठं’ आणि ‘मोठे’ यांत फरक करीत नाही, ‘नदि’ असे लिहिणाऱ्याचा भूगोलाचा गुण कापीत नाही, फार तर तांबड्या शाईने दीर्घ ई करून पुढे जातो. यंत्राला हे तारतम्य नाही. अंकशब्दांचेही असेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली आणि मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्या रीतीचे समर्थन केले. वादाच्या गुणदोषात शिरण्याचे येथे कारण नाही. पण दोन्ही रीती पाठ्यपुस्तकात आल्यावर अक्षरी उत्तराच्या सूचीत दोन्ही असणे क्रमप्राप्त होते, आणि त्याबरोबरच २७ हा अंक देवनागरीत व रोमन कळफलकावरील अंकांत लिहिला तरी चालेल अशी तरतूदही.

शब्द क्रमाने लावण्याचा प्रकार टॅबवर फार लोकप्रिय आहे, कारण बोटाने शब्द सरकविण्यात मुलांना गंमत वाटते. ‘मुलीने’, ‘काल’, ‘गोष्ट’, ‘सांगितली’ हे चार शब्द दिले आणि क्रियापद शेवटी ठेवले, तरी उरलेल्या तिघांचे सहा क्रम होतात. सहाही मराठीत चालतात. भेद पडतो तो फक्त कशावर भर आहे याचा. ‘गोष्ट काल मुलीने सांगितली’ हे वाक्य चूक आहे असे कोणताही मराठी भाषक म्हणणार नाही. साचा एकच क्रम बरोबर धरतो. ज्या भाषेत कर्ता आणि कर्म यांची ओळख जागेवरून होते तेथे हा प्रश्न व्याकरणाचा असतो. जेथे ती प्रत्ययावरून होते तेथे तो प्रश्नकर्त्याच्या मनातील क्रम ओळखण्याचा खेळ होतो.

विल्सन टेलर याने १९५३ साली मांडलेली ठराविक अंतराने शब्द गाळण्याची पद्धतही मराठीत जशीच्या तशी आणता येत नाही. ‘शाळेसमोरच्या’ हा मराठीत एक शब्द आहे. तो गाळला की नाम, संबंध आणि पुढील नामाशी असलेली जुळणी असे तीन धागे एकदम तुटतात. इंग्रजीच्या मजकुरात पाचवा शब्द गाळून जेवढी माहिती जाते, तिच्याहून मराठीत कितीतरी अधिक जाते. टेलरचा मूळ हेतू वाचकाची नव्हे तर मजकुराची सुगमता मोजण्याचा होता, ही गोष्ट या पद्धतीचे पुरस्कर्ते सहसा विसरतात.

या सर्वांतून मुलाच्या नोंदीत जे उमटते ते ‘भूगोल कच्चा’, ‘विज्ञान कच्चे’ असे. चुकीच्या उत्तरामागचे कारण रूपाचे होते की ज्ञानाचे, हे त्या नोंदीत दिसत नाही, आणि त्या नोंदीवरून उपचारात्मक वर्गाची यादी होते. दुसरा परिणाम हळू आहे, पण अधिक काळजीचा आहे. मुले हुशार असतात; ‘मुंबईत’ला शून्य आणि ‘मुंबई’ला गुण, हे दोन चाचण्यांत त्यांच्या ध्यानात येते. मग कोठे, कोणाला, कशाने या प्रश्नांची उत्तरे ती बिनप्रत्ययाची देऊ लागतात. यंत्राला समजावे म्हणून मुलाने आपले सामान्यरूप टाकून द्यावे, असे शिक्षण मराठी शाळेत मराठीतून चालले आहे.

उपाय दुष्कर नाही, कष्टाचा आहे. लघुत्तरी प्रश्नाची उत्तरसूची शिक्षकाने एकट्याने बसून करू नये. तोच प्रश्न आधी एका वर्गाला कागदावर घालून, मुलांनी खरोखर लिहिलेली उत्तरे गोळा करून ती करावी. त्यासाठी दिंडोशीतील एखाद्या शाळेचा एक वर्ग पुरेसा आहे, कारण तेथे एका नामाची घरोघरची रूपे एकत्र मिळतील. यंत्राने चूक ठरविलेली प्रत्येक नोंद सत्राअखेर माणसाने वाचावी आणि योग्य रूपे सूचीत घालावीत. अशा सूच्या शाळाशाळांतून वेगवेगळ्या न राहता राज्य परिषदेकडे एकत्र झाल्या, तर प्रत्येक शिक्षकाला सामान्यरूपांचे कोष्टक पुन्हा मांडावे लागणार नाही. ‘सातारा’ या एका उत्तरासाठी ‘सातारा’, ‘सातारला’, आणि दोन्ही लेखनांतील ‘साताऱ्यात’, ‘साताऱ्याला’, ‘साताऱ्यामध्ये’ अशा आठ नोंदी तरी लागतात. आणि त्यांत ऱ्हस्व-दीर्घाची चूक अद्याप धरलेली नाही.