राजसत्ता आणि मानवी समता : महात्मा फुले यांच्या लेखनाच्या संदर्भात

प्रास्ताविक :
महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली 'छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा' प्रसिद्ध केला. त्यांचा 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' हा ग्रंथ मरणोत्तर, १८९१ मध्ये प्रकाशित झाला. पहिली रचना एका राजाचा गौरव करते. दुसरी सर्व स्त्रीपुरुष जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे प्रतिपादन करते. या दोन भूमिका एकत्र नांदू शकतात काय, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

विवेचन :
पवाडा कुणबी, माळी, महार, मांग आदी समाजांसाठी लिहिलेला आहे. त्यातील राजा शेतकरी रयतेपैकीच एक आहे. त्याच्या घडणीचे श्रेय फुले ब्राह्मण गुरूंना न देता जिजाबाईंना देतात. राजाचा मोठेपणा रयतेच्या रक्षणावरून ठरत असल्याने या रचनेस केवळ राजस्तुती म्हणता येत नाही. मात्र राजाने रक्षण सोडल्यास रयतेने काय करावे, हा प्रश्न पवाड्यात अनुत्तरित राहतो. 'सत्य धर्म' त्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. तेथे धार्मिक व राजकीय स्वातंत्र्य निर्मिकाने दिलेले आहे. साहजिकच ते राजाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

या पेचाची व्यावहारिक कसोटी करवीर संस्थानात लागली. वेदोक्त प्रकरणात खुद्द राजर्षी शाहू महाराजांना शूद्र ठरविण्यात आले. गादीवर असूनही जन्माधिष्ठित विषमता त्यांना चुकली नाही. पुढे २६ जुलै १९०२ च्या आदेशान्वये त्यांनी संस्थानातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. प्रस्थापितांचा विरोध असताना असा निर्णय अमलात आणण्याचे बळ राजसत्तेतूनच आले, हे नाकारता येत नाही. परंतु एका आदेशाने मिळालेले दुसऱ्या आदेशाने काढून घेता येते. ते टिकविण्याचा कायदेशीर अधिकार प्रजेच्या हाती नव्हता.

निष्कर्ष :
राजसत्ता समतेचे साधन होऊ शकते. तिचा कायमस्वरूपी आधार होऊ शकत नाही. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढील समानता हा हक्क ठरविला, तर १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपुष्टात आणले. पवाड्यातील राजाविषयीचा आदर यामुळे उणावत नाही. मात्र त्या आदराचे मोजमाप 'सत्य धर्मा'तील समतेच्या निकषावरच करावे लागते.